कुंपणाची बोर तोडू नका



शाळेच्या मागील कुंपणातील बोरीची झाडे तोडून तेथे सायकल स्टँड करावा, अशी सूचना आली आहे. मुलांना काटे लागतात ही तक्रार खरी आहे. तरीही माझे मत वेगळे आहे.

माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिकडचे मित्र होळीनंतरही मोठाली 'बेर' आणून देत, तेव्हा मला नवल वाटे. आपल्याकडे संक्रांत आणि लहानग्यांचे बोरन्हाण झाले की बोरे विसरली जातात. ते फळ होते उमराण.

उमराण ही मूळची राजस्थानातील अलवर भागातील जात. उत्तरेत गोला आधी येते, मग कैथली आणि सर्वांत शेवटी, मार्चअखेर ते एप्रिलमध्ये, उमराण. आपल्याकडे बोरांचा हंगाम हिवाळ्यातच येतो, पण उमराणचा नंबर शेवटचाच. फळ मोठे, लांबट-गोल, सोनेरी पिवळे. फार पिकले की चॉकलेटी होते. भुरी रोगापासून त्याला जपावे लागते, पण तोडल्यावर ते चांगले टिकते. म्हणूनच सोलापूरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी ही जात लावली. आता बाजारात अ‍ॅपल बोर जास्त दिसते, ते वेगळे.

महत्त्वाचे म्हणजे, उमराण गावठी बोरीवरच वाढते. उन्हाळ्यात बोर पाने गाळते, तेव्हा जुने झाड छाटायचे. नवे फुटवे आले की पावसाळ्यात त्यावर उमराणचा डोळा भरायचा. खालून येणारे गावठी फुटवे मात्र सतत काढावे लागतात. खोल गेलेली मुळे जुन्या झाडाचीच. आज तोडायला निघालो आहोत, ती हीच मुळे.

आपल्याच जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात सुरेबानजवळ शबरीकोळ्ळ आहे. शबरीने रामाला बोरे दिली ती तेथेच, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. तिने किती वर्षे वाट पाहिली, हे मुलांना सांगायला नको.

निकालाच्या दिवशी पालक विचारतात, "सर, आमचा मुलगा मागे का?" गोला आधी पिकते म्हणून उमराणला कोणी नापास करत नाही. डिसेंबरात तोडले तर मात्र ते तुरटच लागणार. काही मुलांना थोडा जास्त वेळ द्यावा लागतो, आणि तो देणे हे शाळेचे काम आहे.

म्हणून माझी सूचना अशी. वाटेवर येणाऱ्या फांद्या दर उन्हाळ्यात छाटाव्यात. दोन झाडे राखून त्यांवर येत्या पावसाळ्यात डोळे भरावेत. फुटवे काढण्याचे काम आठवीच्या मुलांकडे द्यावे. सायकल स्टँड फाटकाजवळही होऊ शकेल.

विश्वस्त मंडळाने निर्णयापूर्वी याचा विचार करावा, ही नम्र विनंती.

— मुख्याध्यापक