पंचनामा वाऱ्याच्या आधी करा ना!

कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. श्रीकृष्णानं तिला इथूनच रथात बसवून नेलं, ही गोष्ट तुम्हीही लहानपणापासून ऐकली असेल. हल्ली एप्रिल-मे महिन्यात आभाळ भरून आलं की वर्धेकाठच्या या गावात वेगळ्याच हरणाची भीती असते. टिनपत्र्यांच्या!

माझ्या मावशीचं घर इथलंच. मागच्या मे महिन्यात संध्याकाळी वावधन सुटलं आणि सपरीवरची चार टिनं थेट शेजाऱ्याच्या अंगणात. टिन उडू नये म्हणून वर ठेवलेले दगडही सोबत खाली आले. नशीब, तिथं कोणी नव्हतं. दोन दिवसांनी पंचनामा झाला, फोटो निघाले, सह्या झाल्या. मावशी म्हणाली, "उडाल्यावर पाह्याले सारेच येतात बाप्पा, उडायच्या आधी कोणी येत नाई." मला विषय तिथंच मिळाला.

उडाल्यावर मिळतं किती? सरकारी मदतीच्या 2022 ते 2026 या काळासाठीच्या निकषांत सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर 1 लाख 20 हजार रुपये आहेत. पक्क्या घराची किमान 15 टक्के पडझड झाली तर 6,500 आणि कच्च्या घराला 4,000. चार टिनं त्या 15 टक्क्यांत बसतात का, हे तुम्हीच मोजा.

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेतल्या फ्लोरिडात ऑगस्ट 1992 मध्ये अँड्र्यू चक्रीवादळानं हजारो घरं उद्ध्वस्त केली. त्यानंतर तिथं बांधकामाचे नियम कडक झाले आणि एक साधी गोष्ट सुरू झाली. परवानाधारक तपासनीस घरी येतो. छप्पर कशाचं आहे, ते भिंतीला नुसत्या खिळ्यांनी जोडलंय की लोखंडी पट्ट्यांनी, आकार कसा आहे, दारं-खिडक्यांना संरक्षण आहे का, हे बघून एक ठरलेला फॉर्म भरतो. घर जितकं मजबूत, तितका विम्याचा हप्ता कमी. ही सवलत देणं कंपन्यांना कायद्यानं भाग आहे. फॉर्म पाच वर्षांपर्यंत चालतो.

"ते अमेरिकेत ठीक आहे, आपल्याकडे काय?" असं म्हणाल. पण वाऱ्याचं गणित सगळीकडे सारखंच. छपरावरून जोरात जाणारा वारा टिनाला वर ओढतो आणि उघड्या दारातून आत शिरलेला वारा खालून ढकलतो. सगळ्यात जास्त ओढ कडांना आणि कोपऱ्यांना बसते. म्हणून टिन आधी कडेनं उचकटतं. आपल्या भारतीय मानकातही हे लिहिलेलं आहे. त्यात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय, म्हणजे ताशी जवळपास 158 किलोमीटर! त्यापुढे दगड-टायर काय टिकणार? तिथं हुक-बोल्ट हवेत, कडेला जास्त हवेत, आणि खालचा अँगल भिंतीत पक्का रुतलेला हवा.

विमाही आपल्याकडे आहे. 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी सगळ्या सामान्य विमा कंपन्यांना द्यावी लागते. त्यात वादळाचं नुकसान धरलेलं आहे. पण गंमत बघा. तुमच्या बाईकला पुण्याच्या एआरएआयनं मान्य केलेलं चोरीरोधक उपकरण लावलं, तर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त 500 रुपये सूट मिळते. रक्कम छोटी आहे, पण काळजी घेणाऱ्याची कोणीतरी दखल घेतंय. मग छपराला चाळीस हुक ठोकणाऱ्याची दखल का नको?

मान्य, फ्लोरिडात हप्ते आजही महागच आहेत. आणि आपल्या गावात घराचा विमा काढतंच कोण? मावशीनंही मला विचारलं होतं, "टिनायचा बी इमा राह्यते काय?" पण म्हणूनच सुरुवात विम्यापासून नको, तपासणीपासून करू. घरकुलाच्या हप्त्यांसाठी बांधकामाचे टप्प्याटप्प्यानं फोटो घेतातच. त्यात छप्पर भिंतीला कसं बांधलंय याचाही एक फोटो जोडा. गावोगावची अशी नोंद हातात आली की विमा कंपन्यांकडे सवलत मागायला आपल्याजवळ पुरावा असेल.

आणि यात तुमचं काम आहे. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, भिंती रंगवतो. एक दिवस घरं बघूया. सिव्हिलचा एखादा मित्र सोबत घ्या. हुक किती, गंजलेले किती, घरावर वाकलेलं झाड आहे का, एवढं लिहा. झाडाचा रकाना विसरू नका. अकोला जिल्ह्यातल्या पारसला 9 एप्रिल 2023 च्या रात्री वादळात मंदिराजवळच्या टिनाच्या शेडवर लिंबाचं झाड कोसळलं आणि आडोशाला थांबलेल्यांपैकी सात जण गेले.

मावशीच्या सपरीला आता नवे हुक लागलेत. खर्च तिचा, सवलत शून्य. या रविवारी घरी गेलात की खाली उभं राहून तुमच्या छपराच्या कडा फक्त एकदा बघा. दगड दिसले, तर बाबांशी बोला. पंचनामा तिथून सुरू होऊ दे.