सात नंबरी

आमच्या ऑफिसात फुटबॉलवाले तीन प्रकारचे. मँचेस्टर युनायटेडवाले, बार्सिलोनावाले आणि 'यंदा कोण जिंकतंय रे?' असं विचारून त्याचा टी-शर्ट घेणारे. चौथ्या प्रकारात मी एकटाच. मी ब्लॅकबर्न रोव्हर्सवाला.

हसू नका. दोष पुण्याचा आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये आपल्या पुण्याच्या वेंकीज मंडळींनी हा क्लब विकत घेतला, तेव्हा मी कॉलेजात होतो. १९९५ चा प्रीमियर लीग चॅम्पियन, शिअररचा क्लब, आणि मालक आपल्या गावचे! ऑक्टोबर २०११ मध्ये टीम पुणे एफसीशी फ्रेंडली मॅच खेळायला बालेवाडीला आली. दोन बस बदलून गेलो आणि तिथे जो चिकटलो तो चिकटलोच. सात महिन्यांनी टीम प्रीमियर लीगमधून खाली! ज्या मॅचमध्ये ते नक्की झालं, त्या विगनविरुद्धच्या मॅचला कुणीतरी रोव्हर्सच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. मालकांचा धंदाच कोंबड्यांचा, त्यामुळे विनोद कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

२०१७ मध्ये टीम आणखी एक पायरी घसरली, २०१८ मध्ये परत चँपियनशिपमध्ये आली. तेव्हापासून दर ऑगस्टला आमचा टीम लीड चहाच्या मशीनपाशी एकच प्रश्न टाकायचा, "काय रे, यंदा तुझे कोंबडीवाले वर जाणार का?"

शेवटी वैतागून मी एक्सेल शीट उघडली. २०२१-२२ ते २०२४-२५, चार मोसम. हिशेब साधा. २४ टीम, प्रत्येकी ४६ मॅचेस. पहिल्या दोघांना थेट प्रमोशन. तिसऱ्या ते सहाव्या नंबरची या चार वर्षांत आपसात प्लेऑफ व्हायची आणि वेम्बलीवर फायनल जिंकणारा तिसरा वर जायचा.

आता थेट प्रमोशनचं बघा. चार मोसम म्हणजे आठ जागा. त्यातल्या सात जागा प्रीमियर लीगमधून नुकत्याच पडलेल्या, 'पॅराशूट'चे पैसे खिशात असलेल्या क्लबांनी नेल्या. फुलहॅम, बोर्नमथ, बर्नली, शेफिल्ड युनायटेड, लेस्टर, लीड्स आणि पुन्हा बर्नली. प्रीमियर लीगमधून पडणाऱ्याला टीव्हीच्या समान वाट्यातले पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के मिळतात. (एकाच मोसमात पडलात तर तिसरं वर्ष नाही.) म्हणजे कंपनीतून काढल्यावरही दोन-तीन वर्षं निम्मा पगार चालू. आणि इंटरव्ह्यूला तुमच्या शेजारी तोच बसलेला! आठवी जागा नेली इप्सविचने, तीही आदल्याच वर्षी तिसऱ्या पायरीवरून वर येऊन. म्हणून मी 'अशक्य' असं लिहीत नाही. 'इप्सविच' असं लिहितो. अर्थ तोच.

लीड्सने २०२४-२५ मध्ये पूर्ण १०० गुण मिळवले. बर्नलीनेही १००, आणि ४६ मॅचेसमध्ये गोल खाल्ले फक्त १६! यांच्याशी स्पर्धा काय करायची? तेव्हा उरली प्लेऑफ. सहाव्या नंबरला किती गुण लागले? चार वर्षांत ७५, ६९, ७३, ६८. आमचे किती? ६९, ६९, ५३ आणि ६६. एक ५३ चं वर्ष सोडा (त्यात आमच्या स्मॉडिक्सने लीगमध्ये सर्वाधिक २७ गोल केले आणि तरी आम्ही एकोणिसावे. पुढच्या मोसमासाठी त्याला इप्सविचने नेलं, आणखी काय!). बाकी तिन्ही वर्षं आम्ही दारात उभे. नंबर आठवा, सातवा, सातवा.

८ मे २०२३, सोमवार, संध्याकाळचे साडेसात. इंग्लंडला सुट्टी, आपल्याला ऑफिस. टेबलाखाली मोबाईल. मिलवॉलच्या मैदानावर आम्ही ३-१ ने मागे. मग बघता बघता ४-३! मी क्यूबिकलमध्ये उडी मारली, टेस्टिंगच्या मुली दचकल्या. पण तिकडे सुंदरलँडने प्रेस्टनला ३-० ने हरवलं. दोघांचे ६९ गुण. गोलफरक त्यांचा अधिक १३, आमचा उणे २. आपण सगळी मॅच जीव टाकून जिंकायची आणि निकाल दुसऱ्या शहरात लागायचा!

त्या वर्षीचा खरा घाव मात्र जानेवारीतला. लुईस ओब्रायन हा मिडफिल्डर जवळपास आलाच होता, पण कागदपत्रं मुदतीत पोचली नाहीत आणि लीगने नोंदणी नाकारली. पुढच्या जानेवारीत डंकन मॅग्वायरच्या बाबतीत पुन्हा कागदांचाच घोळ. सलग दोन वर्षं! आपल्याकडे टाइमशीट उशिरा भरली तर एचआरचे तीन मेल येतात हो.

म्हणून माझ्या शीटमध्ये 'ऑफिस' नावाचा एक कॉलम आहे. गोल, बचाव, पैसा सगळे मोजतात, हे कुणी मोजत नाही. आमच्या बाबतीत तोच कॉलम सगळ्यात महाग पडला, असं माझं ठाम मत. फेब्रुवारी २०२५ घ्या. आम्ही पाचवे. आणि मॅनेजर जॉन युस्टास निघाला कुठे, तर तळाशी धडपडणाऱ्या डर्बीला! पाचव्या नंबरची खुर्ची सोडून कुणी तळाच्या टीमकडे जातो, तेव्हा एक्झिट इंटरव्ह्यूत काय बोलला असेल, याचा अंदाज आपल्यासारख्यांना येतोच.

नवा मॅनेजर आला, मार्च वाया गेला, एप्रिलमध्ये टीम पुन्हा जिंकायला लागली. ३ मे २०२५, शेवटची मॅच, शेफिल्ड युनायटेडशी १-१. ब्रिस्टल सिटी २-२ वर सुटली आणि ६८ गुणांनी सहावी. आम्ही ६६. शीट सांगते, आणखी एकच गोल झाला असता तर आमचेही ६८, आणि गोलफरक त्यांच्यापेक्षा सरस. एक गोल!

पुढे? खोटी आशा लावत नाही. ब्रिस्टल सिटी प्लेऑफमध्ये त्याच शेफिल्डकडून दोन मॅचेस मिळून ६-० हरली. २०१० मध्ये ब्लॅकपूल सहाव्या नंबरवरून वर गेलं, त्यानंतर २०२५ पर्यंत तिथून एकही टीम गेली नाही. पण चौथ्यावरून जाता येतं. सुंदरलँड लीड्सपेक्षा तब्बल २४ गुण मागे राहून वेम्बलीला २-१ ने जिंकलं आणि गेलं. त्यामुळे टीम लीडला माझं उत्तर ठरलेलं आहे. खेळाडूंच्या जोरावर दर तीन वर्षांत एकदा प्लेऑफ, ऑफिस सुधारलं तर दोन वर्षांत एकदा.

आता अडचणीची गोष्ट. आमच्या क्लायंटकडे लँकेशायरचा एक गडी आहे, घरात तीन पिढ्या रोव्हर्स. पहिल्यांदा कळलं तेव्हा कॉलवर केवढा खूश झाला! मग त्याने गाव विचारलं. मी पुणे म्हटलं. त्यानंतरची शांतता मी नेटवर्कच्या नावावर खपवली.

त्या ३ मेच्या संध्याकाळी त्याचा मेसेज आला, "एक गोल." मी लिहिलं, "हो ना." बराच वेळ काही नाही. मग त्याने विचारलं, मालकांचं ऑफिस तुझ्या घरापासून किती लांब आहे?

मी दहा किलोमीटर वाढवूनच सांगितलं.