एकाकीपणाचा प्रत्यय आणि प्रेक्षकाची पात्रता

आरती कडव यांचा ‘कार्गो’ हा हिंदी विज्ञानपट २०१९ मध्ये मुंबईच्या चित्रपट महोत्सवात दाखविला गेला आणि सप्टेंबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवरून घरोघरी पोहोचला. ‘पुष्पक ६३४-ए’ या अंतराळयानात वर्षानुवर्षे एकटा राहून मृतांच्या स्मृती पुसणारा व त्यांना पुनर्जन्मासाठी सिद्ध करणारा प्रहस्थ हा राक्षस त्याचा नायक. चित्रपटाविषयीच्या प्रतिक्रिया स्थूलमानाने तीन आहेत: हे विज्ञान नव्हे, पुराण आहे, चित्रपट फार संथ आहे, आणि टाळेबंदीतले आपलेच एकाकीपण यात दिसते. पहिल्या दोन अपरिपक्व आणि तिसरी सहृदय, अशी प्रतवारी लावण्याकडे समीक्षेचा कल असतो. ही प्रतवारी केवळ सदोष नाही, ती उलटी आहे.

तिसऱ्या प्रतिक्रियेत प्रेक्षक कलाकृतीपर्यंत पोहोचतच नाही. चित्रपट महामारीपूर्वी पूर्ण झालेला होता, हा तपशील येथे गौण आहे. मुख्य मुद्दा असा की, अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी एक विघ्न स्वतःच्याच सुखदुःखात विवश होण्याचे आहे. स्वतःच्या कोंडीविषयी वाटणारी कणव म्हणजे साधारणीकरण नव्हे.

पुराणाचा आक्षेप मात्र सैद्धांतिक आहे आणि त्याला सैद्धांतिक उत्तर द्यावे लागते. त्याच यादीतले पहिले विघ्न संभावनाविरहाचे: जे शक्यच वाटत नाही, त्यात प्रेक्षकाचे चित्त स्थिरावत नाही. यावर अभिनवगुप्ताचा उपाय असा की, लोकोत्तर कृत्ये रामादी प्रख्यात पात्रांच्या ठायी दाखवावीत. ‘पुष्पक’ हे नाव आणि रावणाच्या सेनापतीची, प्रहस्ताची, आठवण जागविणारा नायक यांचे प्रयोजन हेच आहे. पुराण येथे विज्ञानाची उणीव झाकत नाही. ते असंभाव्याला संभाव्य करते.

‘संथ’ ही प्रतिक्रिया तर सर्वांत प्रामाणिक ठरते. या यानातले एकाकीपण उदात्त शून्याचे नाही, रोजच्या कामाच्या पुनरावृत्तीचे आहे. तो कंटाळा ज्याला जाणवला, त्याला आशयाचा स्पर्श झालेला असतो. परभणी जिल्ह्याला हा अनुभव परका नाही. गंगाखेडच्या जनाबाईच्या अभंगसृष्टीत विठ्ठल दळणकांडणात हात लावतो. सोबत कामातून सुटका होऊन मिळत नाही, ती कामातच मिळते. ‘कार्गो’तही सोबत सहायिकेच्या, युविष्काच्या, रूपाने कामातच येते, पण प्रहस्थाला ती प्रथम नकोशी वाटते. जनीने हाक मारून मिळवलेली सोबत त्याला न मागता मिळते आणि स्वीकारता येत नाही. त्याच्या एकाकीपणाचे मर्म या भेदात आहे.

सेलूचा किंवा जिंतूरचा विद्यार्थी ‘संथ आहे’ म्हणतो, तेव्हा त्याच्याकडे विश्वचित्रपटाचे संस्कार नाहीत, असा निर्वाळा देऊन समीक्षक मोकळा होतो. वर्गात याउसचे ‘अपेक्षाक्षितिज’ शिकवायचे आणि समोरच्या प्रेक्षकाचे क्षितिज मात्र उणीव म्हणून नोंदवायचे, हा दुटप्पीपणा आहे. अर्थात प्रत्येक प्रतिक्रिया प्रमाण नसते. ती कलाकृतीतल्या कोणत्या घटकावर उभी आहे, हे तपासावेच लागते. परंतु ही तपासणी समीक्षकाच्या प्रतिक्रियेपासून सुरू झाली पाहिजे. ती टाळून प्रेक्षकाची पात्रता ठरविणारी समीक्षा रसविघ्नांचे निवारण करीत नाही. त्यांत आणखी एकाची भर घालते.