शेवटच्या रांगेतले मालक

जर्मनीतील कार्ल्सरुहे येथील संघीय न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलेल्या एका निकालाकडे येथील शेअर घेणाऱ्या मध्यमवर्गाचे लक्ष जावयास हवे होते. २०२० च्या जूनमध्ये दिवाळखोर झालेल्या 'वायरकार्ड' या कंपनीचे शेअर ज्यांनी खोट्या ताळेबंदांवर विश्वास ठेवून घेतले होते, त्यांचे म्हणणे असे होते की, आम्ही केवळ भागधारक नव्हे, तर फसवले गेलेले लोक आहोत; म्हणून बँका आणि इतर धनको यांच्या बरोबरीने आम्हालाही भरपाई मिळावी. न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. आधी धनको, मग भागधारक, असा निर्णय झाला. सुमारे पन्नास हजार भागधारकांनी मिळून साडेआठ अब्ज युरोंच्या आसपास दावे नोंदवले होते आणि वाटपासाठी हाती आलेली रक्कम सुमारे पासष्ट कोटी युरो होती. अशा स्थितीत 'मग' या शब्दाचा अर्थ 'कधीच नाही' असाच होतो.

हा जर्मनांचा घरगुती मामला आहे, आपला त्याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. २००४ साली रिझर्व्ह बँकेने सामान्य नागरिकाला वर्षाला पंचवीस हजार डॉलर परदेशी पाठवण्याची मुभा दिली. २०१५ पासून ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. परकीय चलन बाळगणे हाच ज्या देशात एके काळी गुन्हा मानला जाई, त्या देशातील एखादा प्राध्यापक वा अभियंता आज पुण्यात किंवा नाशकात बसून, मोबाइलवर बोट फिरवून, न्यूयॉर्कच्या बाजारातील शेअरचा शंभरावा हिस्साही विकत घेऊ शकतो. अशा खरेदीत पैशांची देवघेव करून देणाऱ्या कंपन्यांविषयीचे आकर्षण सहज समजण्यासारखे आहे. त्यांचा धंदा डोळ्यांना दिसतो. दुकानात कार्ड टेकवले जाते, पावती निघते. रोखीचा वापर कमी होत जाणार, मग हा व्यवहार घडवून आणणाऱ्याचा नफा वाढतच जाणार, हे गणित कोणालाही पटावे. ते सर्वस्वी खोटेही नाही. २००८ मध्ये बाजारात आलेल्या व्हिसाच्या शेअरची किंमत पुढील काळात कितीतरी पटींनी वाढली. परंतु त्याच धंद्यातील पेपालचा शेअर जुलै २०२१ मध्ये तीनशे डॉलरांच्या वर होता, तो वर्षभरात जवळजवळ चतुर्थांशावर आला. आणि तेथे तर वायरकार्डसारखी लबाडीही नव्हती.

लबाडीला या धंद्यात वाव कोठे असतो, हे पाहावयाचे तर त्याची रचना समजून घेतली पाहिजे. ग्राहकाची बँक एका टोकाला, दुकानदार दुसऱ्या टोकाला आणि मध्ये कार्डांचे जाळे चालवणारी कंपनी, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्याखेरीज आणखी एक मध्यस्थ असतो, जो दुकानदाराच्या वतीने पैसे गोळा करतो आणि दुकानदाराने माल दिला नाही तर ग्राहकाला परतफेड करण्याची जोखीम पत्करतो. प्रत्येक व्यवहारामागे त्याला अल्पसा हिस्सा मिळतो. १९९९ मध्ये स्थापन झालेली आणि म्युनिकजवळच्या आशहाइम येथे मुख्यालय असलेली वायरकार्ड हे मध्यस्थीचे काम करी. आरंभी तिचे ग्राहक प्रामुख्याने जुगाराच्या आणि अश्लील चित्रांच्या संकेतस्थळांचे मालक होते, कारण प्रतिष्ठित बँका अशा धंद्यांना जवळ करीत नसत.

पुढे कंपनीने असे सांगण्यास सुरुवात केली की, ज्या देशांत तिच्याजवळ परवाना नाही तेथे दुबई, सिंगापूर आणि फिलिपिन्समधील भागीदार कंपन्या तिच्या वतीने व्यवहार करतात, आणि जोखमीची तजवीज म्हणून त्या व्यवहारांतील तिची रक्कम विश्वस्तांच्या खात्यांत ठेवलेली असते. उलाढालीचा निम्म्याच्या आसपास भाग आणि नफ्याचा त्याहूनही मोठा भाग या भागीदारांकडून येतो, असे तिचे हिशेब दाखवीत. म्हणजे नफा कागदावर, रोकड तिसऱ्याच्या खात्यात, खाते दूरच्या देशात. लेखापरीक्षक दरवर्षी सही करीत राहिले. जून २०२० मध्ये मात्र 'अर्न्स्ट अँड यंग'ने सही नाकारली, कारण फिलिपिन्समधील दोन बँकांत असल्याचे सांगितलेल्या १.९ अब्ज युरोंचा पत्ता लागेना. त्या बँकांनी दाखवलेली कागदपत्रे बनावट असल्याचे सांगितले. चार दिवसांनी कंपनीनेच कबूल केले की हे पैसे बहुधा अस्तित्वातच नव्हते. आणखी तीन दिवसांनी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. एका खात्यातील शिल्लक खरी आहे की नाही, हे बँकेला थेट विचारून घेण्याचे काम कोणत्याही पतपेढीचा तपासनीस पहिल्या दिवशी करतो. जगातील चार बड्या लेखापरीक्षण संस्थांपैकी एकीने वर्षानुवर्षे सह्या करूनही ते नीटपणे केले नाही, याला काय म्हणावे?

या कथेत भारतही आहे. २०१५ मध्ये वायरकार्डने चेन्नईतील 'हर्मीस आय-तिकिट्स' ही तिकीट आणि पैसे पाठवण्याचा व्यवसाय करणारी कंपनी व तिच्याशी संलग्न उद्योग सुमारे चौतीस कोटी युरोंपर्यंत किंमत लावून घेतले. विक्रेता होता मॉरिशसमधील एक निधी; आणि त्या निधीने तोच व्यवसाय थोड्याच काळापूर्वी याच्या जवळजवळ दशांश किमतीत घेतला होता. त्या निधीमागे कोण होते, हा प्रश्न पुढे न्यायालयांत आणि वृत्तपत्रांत पुन्हा पुन्हा विचारला गेला. फ्रँकफुर्टच्या बाजारात वायरकार्डचा शेअर घेणाऱ्या निवृत्त जर्मन शिक्षकाला ही किंमत वाजवी आहे की फुगवलेली, हे कळण्याचा मार्ग काय होता? त्याच्यापुढे एक वाक्य होते: 'भारतात विस्तार.' चेन्नईच्या बाजारात ज्यांची ऊठबस होती त्यांना ते वाक्य वेगळे वाचता आले असते. पण ते लोक फ्रँकफुर्टचे शेअर घेत नव्हते.

तथापि सर्वांत उद्वेगजनक भाग कंपनीचा नसून शासनाचा आहे. लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स'चे पत्रकार २०१५ पासून वायरकार्डच्या हिशेबांवर शंका घेत होते. सिंगापूर कार्यालयातील कायदा-सल्लागार पव गिल यांनी आतली माहिती बाहेर येऊ दिल्यावर, २०१९ च्या आरंभी, या पत्राने बनावट करारांविषयीचे वृत्त दिले. जर्मन वित्तीय नियामक 'बाफिन'ने काय केले? शेअरचा भाव पडण्यावर व्यवहार करण्यास दोन महिने बंदी घातली आणि पत्रकारांविरुद्धच फौजदारी तक्रार दाखल केली. नियामकाचे काही कर्मचारी याच कंपनीच्या शेअरांत व्यवहार करीत होते, हे पुढे उघड झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये चॅन्सेलर अँगेला मेर्केल यांनी बीजिंगच्या भेटीत या कंपनीसाठी शब्द टाकला. सिलिकॉन व्हॅलीला तोड देणारी एक जर्मन कंपनी असावी, ही राष्ट्राभिमानाची भूक एवढी मोठी होती की, शंका घेणारा प्रत्येक जण इंग्रज सटोडियांचा हस्तक ठरला. बंदीचा हुकूम वाचून छोट्या भागधारकाने जो अर्थ घेतला तो स्वाभाविकच होता: सरकार कंपनीच्या पाठीशी आहे, म्हणजे कंपनी धडधाकट असली पाहिजे.

आणि ज्यांनी हा शेअर कधी निवडलाच नाही, त्यांचे काय? सप्टेंबर २०१८ मध्ये वायरकार्ड जर्मनीच्या तीस प्रमुख कंपन्यांच्या निर्देशांकात दाखल झाली; तिने जागा घेतली ती कोमर्त्सबँक या जुन्या बँकेची. त्या निर्देशांकाचे अनुकरण करणाऱ्या प्रत्येक निधीला तिचे शेअर घेणे भागच होते. अशा रीतीने म्हातारपणासाठी दरमहा थोडे पैसे बाजूला टाकणाऱ्या कामगाराची बचतही तेथे जाऊन पोहोचली. दिवाळखोरीनंतरही नियमांत तरतूद नसल्यामुळे ही कंपनी ऑगस्ट २०२० पर्यंत त्या मानाच्या यादीत राहिली! कार्यक्षम बाजारपेठेचे गोडवे गाणाऱ्यांनी या दोन महिन्यांचे स्पष्टीकरण अवश्य द्यावे.

कंपनीचे प्रमुख मार्कुस ब्राऊन यांच्यावरील खटल्याची सुनावणी डिसेंबर २०२२ मध्ये म्युनिकमध्ये सुरू झाली. त्यांनी आरोप नाकारले आहेत. दुसरे सूत्रधार मानले जाणारे यान मार्सालेक हे मिन्स्कमार्गे पसार झाले. लेखापरीक्षकांना २०२३ मध्ये पाच लाख युरोंचा दंड झाला, तसेच बड्या नोंदणीकृत कंपन्यांची नवी कामे घेण्यास दोन वर्षांची मनाई झाली. दंडाचा हा आकडा आणि नाहीशा झालेल्या रकमेचा आकडा शेजारी लिहून पाहावेत.

मग कार्ल्सरुहेचा निकाल अन्यायाचा आहे काय? सहानुभूती छोट्या भागधारकाकडे जाणे साहजिक आहे. पण समाजवादी विचाराच्या माणसाने येथे घाई करू नये. दिवाळखोर कंपनीच्या दारात बँका असतात हे खरे. परंतु थकीत पगाराचे कर्मचारी असतात, बिल न मिळालेला छोटा पुरवठादार असतो, आगाऊ पैसे भरलेला ग्राहकही असतो. साडेआठ अब्जांचे दावे बरोबरीच्या रांगेत उभे केले असते तर या सर्वांच्या वाट्याचा जवळजवळ निम्मा भाग भागधारकांकडे गेला असता. नफा झाला तर तो ज्याचा, तोट्याचाही पहिला घाव त्यानेच सोसावा, हे तत्त्व कष्टकऱ्याच्या बाजूचेच आहे. निकाल योग्य आहे. दोष त्या व्यवस्थेचा की, जिने 'तू मालक आहेस' असे सांगून सामान्य माणसाकडून पैसे घेतले आणि मालकाचा एकही अधिकार त्याच्या हाती दिला नाही: ना हिशेब पाहण्याचा, ना लेखापरीक्षक बदलण्याचा.

भारतीय गुंतवणूकदार तर या मालकीपासूनही एक पायरी दूर असतो. अमेरिकेतील शेअर सामान्यतः दलालाच्या किंवा त्याच्यावरच्या संस्थेच्या नावावर असतो. घेणाऱ्याजवळ असते ती केवळ दलालाच्या वहीतील नोंद. परदेशी कंपनीने खोटे हिशेब दिले तर सेबीकडे दाद मागता येत नाही. येथील बँकेतील ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या खातेदारांना २०१९ नंतर जे भोगावे लागले ते पाहता तेही अपुरेच. कंपनी बुडून शेअरचे मोल गेले तर तेवढेही संरक्षण नाही. शिवाय असा शेअर दरवर्षी प्राप्तिकराच्या विवरणपत्रात स्वतंत्रपणे दाखवावा लागतो. ठरावीक मूल्याच्या पुढील मालमत्ता न दाखवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली दहा लाखांच्या दंडाची तरतूद आहे. अमेरिकेत न राहणाऱ्या परकीयाच्या मृत्यूनंतर त्याच्या तेथील मालमत्तेवर साठ हजार डॉलरांच्या पुढे वारसाकर लागतो, आणि त्याचा कमाल दर चाळीस टक्के आहे. किती विधवांना हे माहीत असेल?

यात एक विसंगती आहे, तीही नोंदवावयास हवी. भारतात २०१६ पासून सुरू झालेल्या यूपीआयच्या जाळ्यावर सामान्य खात्यातून दुकानदाराला पैसे देताना २०२० पासून त्याच्याकडून शुल्क घेतले जात नाही. बँकांनी मिळून उभारलेल्या, नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेने हे शक्य केले. भाजीवालीला दहा रुपये पोहोचवण्यात कोणाचीही दलाली नाही. आणि या सोयीचा रोज लाभ घेणारा माणूस आपली शिल्लक डॉलरांत बदलून अशा कंपन्यांत घालतो, ज्यांचा सारा नफा दुसऱ्या देशातील भाजीवाल्याच्या दहा रुपयांतून कापलेल्या पैशांवर उभा आहे. हे बेकायदा नाही. पण याला बचत म्हणावयाचे की अन्य काही, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

कार्यकर्त्यांपुढे मात्र एक साधे काम आहे. शिक्षक संघटना, बँक कर्मचारी संघटना, पतपेढ्या यांच्या सभासदांत परदेशी शेअर घेणारे लोक आज आहेत. हे शेअर विकणाऱ्या मध्यस्थांनी पैसे घेण्यापूर्वी चार गोष्टी ग्राहकाच्या भाषेत लिहून द्याव्यात, अशी मागणी संघटनांनी रिझर्व्ह बँक आणि अर्थमंत्रालय यांच्याकडे करावी: शेअर कोणाच्या नावावर राहील, तक्रार कोणत्या देशात करावी लागेल, कंपनी बुडाल्यास रांगेत जागा कितवी, आणि मृत्यूनंतर वारसाला काय भरावे लागेल. मागणीच्या पत्रासोबत वायरकार्डच्या निकालाचा सारांश जोडता येईल.