आजारी नायकाची ओढ

मराठी वाचकाला एक आवड अशी आहे, की तिच्याविषयी चारचौघांत बोलायला तो कचरतो. कादंबरीचा नायक मोहिमेवर असतो तेव्हा वाचक भराभर पाने उलटत जातो. तोच नायक ज्वराने फणफणून अंथरुणाला खिळला, कोणी त्याच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या घड्या ठेवू लागले, की वाचनाचा वेग आपोआप मंदावतो. ती पाने पुन्हा वाचली जातात; कधी कधी पुस्तक तेवढ्यासाठीच पुन्हा काढले जाते. शृंगार आवडतो हे सांगायला आताशा कोणी लाजत नाही. रहस्यकथेतले खून आवडतात हे तर लोक अभिमानाने सांगतात. पण 'मला दुखणेकऱ्यांच्या, जखमी माणसांच्या गोष्टी वाचायला आवडतात' एवढे साधे वाक्य उच्चारताना भल्याभल्यांची जीभ अडखळते.

आम्ही दोघे, एक जळगावला आणि एक धुळ्याला, गेली अनेक वर्षे मराठी शिकवत आलो आहोत. ही आवड आमचीही आहे, हे आरंभीच नोंदवतो. तिच्याविषयी आमच्या मनात द्वंद्व आहे, हेही नोंदवतो. मात्र ते द्वंद्व मिटवण्यासाठी आमची समीक्षा जे तीन तयार निवाडे पुढे करते, ते तिन्ही आम्हांला अमान्य आहेत. हा लेख त्यांच्याविरुद्ध आहे.

पहिला निवाडा वर्गातला. करुण रसापासून आनंद का होतो, हा प्रश्न मराठी एम.ए.च्या विद्यार्थ्याला पिढ्यान्‌पिढ्या घातला जातो आणि ठरलेले उत्तर घेतले जाते. अभिनवगुप्ताच्या मते रस आनंदरूपच असतो. विश्वनाथ म्हणतो, करुणापासून दुःखच होत असते तर त्याच्या वाटेला कोणी गेलेच नसते. न. चिं. केळकरांची सविकल्प समाधी आहे, साधारणीकरण आहे. उत्तर सुबक आहे. पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे आहे. शोकाचा आनंद कसा होतो हे त्यातून कळते. नायक मेल्यावर जेवढे गुंतत नाही तेवढे मन तो आजारी असताना का गुंतते, हे त्यातून कळत नाही. रामचंद्र-गुणचंद्र या बाराव्या शतकातल्या जोडीने 'नाट्यदर्पणा'त रस सुखदुःखात्मक असतो असे स्पष्ट म्हटले आणि करुणाला दुःखाच्या बाजूला ठेवले. त्यांचे मत आमच्या वर्गांत एका ओळीत उरकले जाते, कारण ते मानले तर वाचकाच्या मनात खरोखर डोकावून पाहावे लागते.

दुसरा निवाडा तुच्छतेचा: ही रडकी अभिरुची, मध्यमवर्गीय भावविवशता. तिसरा निवाडा मानसशास्त्राचा आव आणतो: ही विकृती. हे दोन्ही निवाडे देणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो, की मग मराठीतल्या सर्वांत लोकप्रिय ऐतिहासिक कादंबऱ्यांपैकी एक कोणत्या बळावर उभी आहे?

रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. थोरले माधवराव पेशवे पानिपतानंतर, १७६१ मध्ये, सोळाव्या वर्षी गादीवर आले. १७६३ मध्ये राक्षसभुवनला त्यांनी निजामाला हरवले. १७६८ मध्ये धोडपला, म्हणजे आमच्या खान्देशच्या उंबरठ्यावर, काकांचे बंड मोडले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी राजयक्ष्म्याने थेऊरला त्यांचे निधन झाले, वय सत्तावीस. आता कोणत्याही वाचकाला विचारा, 'स्वामी'तले काय आठवते? राक्षसभुवन क्वचितच कोणी सांगेल. आठवते ते थेऊर, खोकल्याची उबळ, आणि उशाशी बसलेली रमा. पुढे दूरदर्शनच्या मालिकेत रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांनी ही जोडी घराघरांत नेली, तेव्हाही प्रेक्षकांच्या मनात राहिला तो खंगत जाणारा पेशवाच. या सगळ्यांना विकृत म्हणायचे असेल, तर आख्ख्या महाराष्ट्राचा दाखला वेड्यांच्या इस्पितळात काढावा लागेल!

ही ओढ केवळ मराठी नाही. इंग्रजीत चाहते आपल्या आवडत्या पात्रांवर हौसेने कथा लिहितात. त्या लेखनात नायकाला जखमी करून दुसऱ्याने त्याची शुश्रूषा करावी अशा कथांचा वेगळा वर्गच आहे. त्याला 'हर्ट-कम्फर्ट' असे रोखठोक नाव आहे आणि त्या कथा लिहिणाऱ्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने आहेत. त्या नावात दोन शब्द आहेत हे ध्यानात घ्यावे. घाव हा पहिला शब्द. ओढ मात्र दुसऱ्या शब्दाची आहे.

आमचे म्हणणे असे. वाचकाला ओढ असते ती आजाराने मिळवून दिलेल्या परवानगीची. आपल्या घरांतला व्यवहार पाहा. कर्त्या पुरुषाच्या कपाळावर एरवी हात कोण ठेवतो? बाप मुलाशी मऊ आवाजात केव्हा बोलतो? घरातली सून दिवसा आडवी केव्हा होऊ शकते, आणि तिच्या हातात कोणी आयती पेज केव्हा देते? अंगात ताप असल्याशिवाय यांतले काही घडत नाही. थर्मामीटरचा पारा चढला की घराचे कायदे तेवढ्यापुरते शिथिल होतात. ज्या समाजात मायेला सबब लागते, त्या समाजातला वाचक ती सबब गोष्टीत शोधतो. आजारी नायकाच्या खोलीत शिरताना तो वेदना चाखायला जात नसतो. एकदा तरी कोणी आपल्याला विनाअट जपावे, ही न बोललेली मागणी घेऊन तो जातो. तिला रडकेपणा म्हणणे हा उद्धटपणा आहे.

येथपर्यंत आम्ही वाचकाचे वकील आहोत. आता उलटतपासणी.

कोणता आजार आपल्याला गोष्टीत आवडतो? सूझन सॉन्टॅगने 'इलनेस अॅज मेटाफर' या १९७८ च्या पुस्तकात युरोपातल्या क्षयाच्या सौंदर्यपूजेवर कोरडे ओढले. क्षय म्हणजे तरलता, प्रतिभा, उत्कट प्रेम, असे जे रूपक तयार झाले होते, ते रुग्णाच्या मुळावर येते असा तिचा रोख होता. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला, विसाव्या शतकाच्या मध्यावर औषधे आली, आणि रूपकाची झिलई उडायला लागली, निदान तिकडे. आपल्याकडे काय झाले? जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आजही भारतात आहेत. ज्या घरात 'स्वामी'ची पारायणे होतात, त्याच घरात मुलीला क्षय झाला तर औषधाची पाकिटे लपवली जातात. सोयरीक मोडेल म्हणून. पेशव्याचा राजयक्ष्मा आपल्याला हळवे करतो आणि शेजारणीच्या खोकल्याने आपण खिडकी लावून घेतो. आमच्या मनातले द्वंद्व इथे आहे. आवड असण्यात लाज नाही. आवड एवढी निवडक असण्यात मात्र आहे.

धुळे जिल्ह्यातला शिरपूर-साक्रीचा पट्टा आणि लगतचा नंदुरबार इथल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात हाडासांध्यांतून कळा उठतात, शमतात, पुन्हा उठतात. असे आयुष्यभर चालते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली, २०४७ हे उद्दिष्टवर्ष ठरवले. कादंबरीकाराला हवे ते सारे या आजारात आहे: तारुण्य, वेदना, वारसा, विवाहाचा पेच. मग पावरा किंवा भिल्ल घरातली, सिकलसेलच्या कळा सोसणारी नायिका मराठीच्या लोकप्रिय कादंबरीने किती वाचकांच्या उशाशी आणून ठेवली? नायकाच्या आजाराला आपण कुळ, रूप आणि वाडा यांची अट घालतो. ओढा तापाचा नसून तापलेल्या कपाळावरच्या गंधाचा आहे, असा आरोप कोणी केला तर आम्हांला तो सहजासहजी फेटाळता येणार नाही.

दुसरा प्रश्न अधिक टोचणारा आहे. शुश्रूषा करणाऱ्याचे काय होते? 'स्वामी'त रमा माधवरावांची सेवा करते आणि शेवटी सती जाते. इतिहासातही तसेच झाले. त्याबद्दल लेखकाला दोष देता येत नाही. पण आपण वाचक त्या ज्वाळांकडे सेवेची परिपूर्ती म्हणून पाहतो, डोळे पुसतो आणि पुस्तक मिटतो. सेवा करणारी जणू रुग्णाच्या खोलीतली समई; रुग्ण गेला की तिनेही विझावे. आमच्या घरांतल्या किती बायकांनी सासऱ्याचे, सासूचे, नवऱ्याचे अंथरूण वर्षानुवर्षे आवरले! त्या थकल्या, चिडल्या, कधी मनातल्या मनात 'सुटका होऊ दे' म्हणाल्या. ते वाक्य लिहिणारा लेखक विरळा, कारण ते वाक्य आले की वाचकाचा गोडवा विटतो.

याच चष्म्यातून आपण खऱ्या माणसांकडेही पाहतो. बालकवी १८९० मध्ये धरणगावला जन्मले आणि ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकावर आगगाडीखाली त्यांचा अंत झाला. ऐन अठ्ठाविशीतला हा अपघात. आपण त्याची गोष्ट करून टाकली आहे: तंद्रीतला कवी, रूळ, येणारी गाडी. व्याख्यानांत ती सांगितली की सभागृह निःशब्द होते. त्या निःशब्दतेत थोडी चव घेण्याची भावना असते, हे प्रामाणिक वक्त्याला ठाऊक असते. मागे उरलेल्या पत्नीचे पुढचे दिवस कसे गेले असतील, असे मात्र त्या सभागृहात कोणी विचारत नाही. तंद्री सुंदर असते; वैधव्य रटाळ असते.

मग काय करावे? आजारी नायक साहित्यातून हद्दपार करावा? मुळीच नाही. वेगळ्या वाटेची उदाहरणे आपल्याजवळच आहेत.

पहिले अमळनेरचे. साने गुरुजींना 'रडके' म्हणून हिणवण्याची फॅशन जुनी आहे. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'श्यामची आई'त आईचे शेवटचे दुखणे आहेच. पण त्या दुखण्याभोवती कर्ज आहे, अपमान आहे, रिकामी चूल आहे. आणि श्याम अखेरच्या क्षणी तिच्याजवळ नाही. उशाशी बसण्याचे सुख लेखकाने नायकाला दिले नाही, म्हणून वाचकालाही ते फुकट मिळत नाही. शिवाय हे लिहिणारा माणूस अमळनेरच्या छात्रालयात मुलांची दुखणीखुपणी आईसारखी काढत असे, ही आठवण त्या गावाने जपली आहे. आपल्या समाजाने बायकांवर सोपवलेले काम एका पुरुषाने अंगावर घेतले, ही घटना त्यांच्या अश्रूंपेक्षा मोठी आहे. त्यांना रडके म्हणणाऱ्यांनी कोणाचे अंथरूण किती रात्री सांभाळले, हे एकदा विचारायला हवे.

दुसरे उदाहरण यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांचे. 'कोसला' (१९६३) मध्ये पांडुरंगच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा, देवीच्या रोगाने मृत्यू होतो. तिथे समई नाही, गंध नाही, सात्त्विक निरोप नाही. एका लहान मुलीचे मरण आणि त्याने पिसाळलेला भाऊ, एवढेच. ती पाने वाचताना कोणालाही गोड हुरहूर लागत नाही; तरीही ती पुन्हा वाचली जातात. ओढ आहे, पण तिची किंमत वसूल केली जाते.

तिसरे, संदीप सावंत यांचा २००४ साली पडद्यावर आलेला 'श्वास'. डोळ्याच्या कर्करोगाने दृष्टी गमावणार असलेला नातू आणि त्याला शहरात घेऊन आलेला आजोबा. चित्रपट मुलाच्या वेदनेइतकाच आजोबाच्या गोंधळलेल्या, भ्यालेल्या चेहऱ्याकडे पाहतो. उपचारासाठी धुळ्या-जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणाऱ्या, फाइल छातीशी धरून इस्पितळाच्या आवारात बसणाऱ्या माणसांना तो चेहरा ओळखीचा आहे.

यावर आक्षेप येईल, की तुम्ही वाचकाच्या साध्या सुखावर नीतीचा कर लावता. होय, लावतो. नाहीतरी हे सुख कोणाच्या तरी कण्हण्यावर उभे असते. त्याला करमाफी कशी मागणार? आमचा कर जाचक नाही. आजारी नायकाच्या खोलीत खुशाल जावे, हवे तितके रेंगाळावे, डोळे पुसावे. फक्त तिथे असताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात: घड्या बदलणारा हात कोणाचा आहे, आणि या खोलीत कोणाला कधीच झोपवले जात नाही. ज्या लेखकाने या दोन गोष्टी आपल्याला पाहू दिल्या, त्याच्यापाशी आपली ओढ सुरक्षित आहे. ज्याने त्या झाकल्या, तो आपल्या मायेच्या भुकेचा धंदा करतो आहे, मग त्याची भाषा कितीही भरजरी असो.

समीक्षकांकडे मात्र आमची मागणी वेगळी आहे. वाचकाला लाजवणे थांबवावे. ताप आल्याशिवाय माया न देणारी घरे आपण चालवायची आणि गोष्टीतल्या तापाकडे धावणाऱ्या वाचकाला विकृत ठरवायचे, हा न्याय उफराटा आहे. धडधाकट माणसाच्या कपाळावरही सहज हात ठेवण्याची रीत आपल्या घरांत रुजली, तर मराठी कादंबरीच्या नायकाला एवढ्या वेळा अंथरूण धरावे लागणार नाही.