विकर आणि विकार

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो, की तिच्यातला निर्दयपणा लक्षातच येत नाही. घरातले म्हातारे माणूस जेवून उठले आणि घटकाभराने ‘मला कुणी वाढलंच नाही’ म्हणाले, की पोरे हसतात, सुना कातावतात आणि शेजारीपाजारी ‘म्हातारचळ, दुसरं काय’ म्हणून मोकळे होतात. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय नि घाटाखाली काय, हाच प्रकार. वयाने गुडघे जातात तशी बुद्धीही जायचीच, अशी सर्वांची समजूत. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेली देशव्यापी पाहणी वेगळेच सांगते. साठीपुढच्या शंभरांत साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे देशात सुमारे ८८ लाख. आकडा मोठा आहे, पण उरलेल्या त्र्याण्णवांची बुद्धी जाग्यावर आहे, हेही तोच सांगतो. तेव्हा हा वयाचा धर्म नव्हे, आजार आहे.

आजार म्हटला की कुठेतरी काहीतरी बिघडलेले असते. आपल्या शरीरात हजारो विकरे, म्हणजे एन्झाइम्स, अहोरात्र राबत असतात. अन्न पचते ते त्यांच्यामुळे. मटणात कच्ची पपई घातली की ते लवकर शिजते, तेही पपईतल्या विकरामुळेच. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, तो ॲसिटिलकोलीनसारख्या रसायनांच्या हाती. निरोप पोहोचला की या निरोप्याला मोडून टाकणारे विकर तिथेच उभे असते. त्याचे नाव ॲसिटिलकोलीनएस्टरेज. १९७६ साली ब्रिटनमधील संशोधकांना आढळले, की अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत हा निरोप्या घडवणारे दुसरे विकरच फार घटलेले असते. आवक आटली आणि खर्च मात्र चालूच! बँकेत उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला हा हिशेब लगेच कळतो. आवक वाढत नसेल तर खर्च आवरायचा. १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले डोनेपेझिल आणि नंतरचे रिव्हास्टिग्मिन हेच करतात; मोडणाऱ्या विकराला आवर घालतात. रोग त्याने बरा होत नाही. काही रुग्णांचे काही दिवस जरा बरे जातात, इतकेच.

या विकराशी आमच्या शेतकऱ्याचीही जुनी गाठ आहे, फक्त नाव ठाऊक नाही. कपाशीवर वर्षानुवर्षे फवारलेल्या मोनोक्रोटोफॉससारख्या ऑरगॅनोफॉस्फेट विषांचा मारा नेमका याच विकरावर असतो. ते बंद पडले की निरोप थांबता थांबत नाहीत आणि कीड मरते. माणसाच्या शरीरातही तेच विकर आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तिथे वापरलेल्या फवाऱ्यांत या गटातलीही विषे होती. डॉक्टरांची गोळी विकराला मोजून-मापून धरते आणि सोडते. हे विष त्याला घट्ट चिकटते. आमच्याकडे मात्र दोहोंनाही ‘औषध’च म्हणतात. वर्षानुवर्षे कीटकनाशके हाताळणाऱ्यांत कंपवात अधिक आढळतो, असे अनेक देशांतील पाहण्यांत दिसले आहे. स्मृतिभ्रंशाबाबतही तशी शंका आहे. तोंडाला रुमाल बांधून फवारणाऱ्या तरुणाने आपल्या सत्तरीचाही विचार करावा, तो यासाठी.

मग विज्ञान एखादे जालीम औषध काढील काय? प्रयत्न झाले. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारा अमायलॉइडचा गाळ ज्या विकरामुळे तयार होतो, ते बीटा-सिक्रिटेज १९९९ साली सापडले. त्याला रोखणाऱ्या व्हेरुबेसेस्टॅटवर मोठ्या आशा होत्या. पण २०१७ आणि २०१८ साली त्याच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. गाळ कमी झाला, स्मरणशक्ती मात्र सुधारली नाही. काही रुग्णांची तर आणखी खालावली. त्या विकराला मेंदूत इतरही कामे असतात. एक बंद केले की दुसरे अडते.

म्हणून चमत्काराची वाट न पाहता हाताशी आहे ते करावे. विसराळूपणा बी-१२ च्या किंवा थायरॉइडच्या कमतरतेने येतो, नैराश्यानेही येतो. आणि हे बरे होऊ शकते. सर्दीच्या, लघवीच्या काही गोळ्या ॲसिटिलकोलीनच्या विरोधात काम करतात. म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांची पिशवी एकदा डॉक्टरांपुढे रिकामी करावी. रक्तदाब, साखर आणि ऐकू येणे सांभाळावे. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. त्याची धाव गुडघे आणि मोतीबिंदूपाशी थांबू नये. स्मरणशक्तीची साधी तपासणी तालुक्याच्या दवाखान्यातही व्हायला हवी. पन्नास-साठ मैल लांबच्या शहरात म्हाताऱ्याला कोण नेणार?

आणखी एक. हा आजार पुष्कळदा आधी दिसतो तो बँकेच्या काउंटरवर. वीस-वीस वर्षे एकच सही करणारा खातेदार पेन हातात धरून नुसता बसून राहतो. घरी ज्याला म्हातारचळ लागला म्हणून हसतात, त्याचाच अंगठा खरेदीखतावर मात्र सर्वांना चालतो! त्याच्या बुद्धीचा भरवसा नसेल, तर त्या अंगठ्याचा तरी कसा धरायचा?

मेंदूतल्या विकरावर आपला ताबा नाही, जिभेवर आहे. ‘म्हातारचळ’ म्हणणे थांबले, तर दवाखान्याची वाट थोडी लवकर सापडेल. आणि जेवल्याचे विसरलेल्या माणसापुढे न कातावता पुन्हा घासभर वाढायला कोणत्याही औषधाची गरज नाही.