उभ्या वृक्षाचे मोल

औषधी वनस्पती दुर्मिळ होत असल्याची चिंता आपल्या संमेलनांत वारंवार व्यक्त होते. मात्र त्या ज्याच्या जमिनीवर वाढतात, त्या मालकाचा विचार क्वचितच होतो. कोकणातील बरेचसे जंगल खासगी मालकीचे आहे. तेथील बेहडा, शिवण, टेंटू यांपासून मालकाला भरीव रक्कम मिळते ती बहुधा एकदाच, ठेकेदाराला तोड दिल्यावर. बेहड्याच्या फळांसाठी आपण मोजतो ती किंमत वेचणी, वाळवणी व वाहतुकीचीच. त्या वृक्षाने धरलेली माती, जिरवलेले पाणी, त्याच्या ढोलीत वाढलेली धनेशाची पिले यांचा हिशेब कोणत्याच बिलात नसतो. बृहत्पंचमुळांची स्थिती तर अधिकच बिकट. तेथे मूळ काढताना वृक्षच जातो.

हे मोल देता येते. कोस्टा रिका या देशाने १९९६ च्या वनकायद्यान्वये कार्बन, पाणी, जैवविविधता व निसर्गसौंदर्य या चार सेवांसाठी वन राखणाऱ्या जमीनमालकांस मोबदला देण्याची व्यवस्था केली. इंधनकराचा काही भाग त्यासाठी वळविला. पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’नेही कोकणात मोबदला देऊन वने राखण्याचे करार केले आहेत.

आपल्याकडील जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखालील लाभवाटप देशी औषधनिर्मात्यांनाही लागू असल्याचा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना व लागवडीच्या औषधींना सवलती मिळाल्या. परंतु कायद्याने सूट दिली म्हणून ऋण फिटत नाही. सुश्रुताचार्यांनी औषधग्रहणासाठी भूमीची परीक्षा सांगितली. भूमी राखणाऱ्याची दखल घेणे हे तिचेच आजचे अंग होय.

औषधे महागतील, असा आक्षेप फार्मसीचालक घेतील. तो रास्त आहे. तथापि अशोकाच्या नावाखाली आसुपालवाची साल विकत घेण्याची किंमतही आपणच मोजतो, आणि रुग्ण ती गुण न येण्याच्या रूपाने मोजतो.

म्हणून संघटनेने वनसंवर्धन निधी उभारावा. रानातून आलेल्या कच्च्या मालाच्या खरेदीवर प्रत्येक फार्मसीने किलोमागे ठरावीक रक्कम द्यावी. इच्छुक मालकांशी दहा वर्षांचे लेखी करार करावेत, आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने उभे वृक्ष मोजल्यावरच वार्षिक मोबदला द्यावा. आरंभ एका तालुक्यापासून व्हावा. आगामी सर्वसाधारण सभेत हा विषय चर्चेस घ्यावा, अशी सदस्य वैद्यबंधुभगिनींना नम्र विनंती आहे.